सुजाताने न मागितलेली सूट

फायर चीफ डॉनलीने पत्र आधीच टाइप करून ठेवलं होतं. सुजाताने खाली फक्त सही करायची होती.

"कायद्यात आपल्याला सूट नाही," तो म्हणाला, "पण मी लिहून दिलं की जज सोडतात. वॉल्टला दोनदा सोडलं. सही कर, आजच्या टपालात टाकतो."

हार्लन टाउनशिप डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या पश्चिमेला, गाडीने अर्ध्या तासावर. तिथल्या फायर स्टेशनात दोन अँब्युलन्स होत्या आणि दिवसपाळीला दोनच पॅरामेडिक, वॉल्ट आणि सुजाता मेश्राम. बाकी गावातले व्हॉलंटियर. कुणी हार्डवेअरच्या दुकानातून धावत यायचं, कुणी शेतावरून. पण पॅरामेडिक आत बसल्याशिवाय गाडी गंभीर कॉलवर जायची नाही, असा टाउनशिपचा नियम होता. कोर्टात निकाल द्यायला सामान्य नागरिकांना बोलावतात, त्या ज्युरी ड्यूटीचं सुजाताला आलेलं समन्स बावीस ऑक्टोबरचं होतं. मंगळवार, सकाळी आठ.

"उद्या देते," असं म्हणून सुजाताने पत्र घडी करून शर्टाच्या खिशात घातलं. उद्या झाला, परवा झाला. खिशातला कागद मऊ पडत गेला.

घरी ईश्वरला तिचं हे समजेना. तो मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. कुठल्याही प्रश्नाचे दोन भाग करून तो एक लगेच निकालात काढायचा. "लोक यातून सुटायला कारणं शोधून राहिले," तो म्हणाला, "आणि तुला आयतं मिळालं तर तू विचार करतेस!"

"मला जायचं आहे."

"काहून पण?"

चौदा वर्षांची हर्षिता सिरिअलच्या वाडग्यातून मान वर न करता म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट ज्युरी ड्यूटी. एव्हरीबडी हेट्स इट."

सुजाता उठली, सिंकमधली धुतलेली भांडी तिने पुन्हा धुतली. कारण तिला सांगता येत नव्हतं असं नाही, पण मोठ्याने सांगितलं की ते भाषणासारखं वाटलं असतं. तिचे बाबा भंडाऱ्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. एकतीस वर्षं दाराशी उभं राहून त्यांनी लोकांची नावं पुकारली. खून, फसवणूक, बांधावरची भांडणं, सगळ्यांची नावं त्यांच्या तोंडून गेली, आणि निकाल मात्र नेहमी दुसऱ्याच कुणाचा. गेल्या वर्षी डेट्रॉइटला सुजाताने नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा फोनवर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो पासपोर्टचा नव्हता. "तिथं म्हणे साधी माणसंच बसून निकाल देतात?" ते म्हणाले होते. "खुर्चीवर बसून? मग तुला बोलावलं तर जाशील, बापा."

त्या शनिवारी नोव्हायला मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची मीटिंग होती. तिथे रेखा काकू भेटल्या. डॉक्टर रेखा केतकर, भूलतज्ज्ञ, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या. त्या आणि त्यांचे यजमान राजीव काका हार्लनमध्येच तळ्याकाठी राहायचे. काका मोटार कंपनीतून निवृत्त. दोघं अडुसष्ट सालापासून इथे, त्यामुळे मंडळात त्यांचा शब्द शेवटचा असायचा.

"अगं, लिहून दे आणि मोकळी हो," काकू प्लेटा मांडता मांडता म्हणाल्या. "मी तीनदा सुटले. सर्जरी लिस्ट आहे म्हणायचं. दिवसभर बसवून ठेवतात गं नुसतं, आणि तुझं काम असं, तू नसलीस तर लोकांचं काय होईल?"

"एकच दिवस आहे काकू. केस मिळाली तर दोन-तीन."

"बघ बाई. पण मला तू गाडीवर असलेली बरी वाटतेस."

त्या प्रेमानेच म्हणाल्या होत्या, तरी घरी परतताना सुजाताला आय-९६ हायवेवरचं एकही एक्झिट नीट दिसलं नाही. तिचंच एक्झिट तिने चुकवलं.

सोमवारी तिने डॉनलीला पत्र परत दिलं, सहीशिवाय. तारखेला अजून बावीस दिवस होते.

"मी जाणार," ती म्हणाली. "त्या दिवसासाठी बदली माणूस बघावा लागेल."

डॉनलीने पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो वाईट माणूस नव्हता. पण तिचं कोड्यात टाकणारं वागणं त्याला आवडायचं नाही. "ठीक आहे, सू. बघतो कुणीतरी."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बावीस तारखेला लाल गोल केला. पुढच्या आठवड्यात विचारलं, "कुणी मिळालं?" तो म्हणाला, "बघतोय." त्याच्या पुढच्या आठवड्यातही तो बघतच होता. आदल्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, "शेजारच्या टाउनशिपला सांगून ठेवलंय. लागलं तर त्यांची गाडी येईल. तू जा."

त्या रात्री तिला झोप लागली ती तुकड्यातुकड्यांनी.

काउंटी कोर्टाच्या दाराशी गार्डने पेजर बंद करायला लावला. पेजर बंद करताना तिचं बोट क्षणभर बटणावर अडकलं. सहा वर्षांत ड्यूटीच्या वेळी तो कधी बंद नव्हता. ज्युरीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. कोपऱ्यात टीव्हीवर कुठलासा गेम शो, आवाज बंद. तिच्या शेजारी बसलेली बाई लोकर विणत होती. समोरचा माणूस वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनने सोडवत होता आणि खोडत होता.

आठाचे नऊ झाले, नवाचे दहा. सुजाता तीनदा पाणी प्यायला उठली. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. एक सायरन ऐकू आला, तो फायर इंजिनचा होता, अँब्युलन्सचा नव्हे. दोन्हींतला फरक तिला झोपेतही कळायचा. तरी ती खिडकीशी उभीच राहिली. हॉलवर लक्ष ठेवणारी क्लार्क म्हणाली, "मॅडम, प्लीज बसून घ्या." ती बसली. पाय हलत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत खाली एकच टेलिफोन होता आणि त्यापुढे अकरा माणसांची रांग. तिच्यापुढे चार जण उरलेले असताना सगळ्यांना परत वर बोलावलं.

सव्वा वाजता तिचं नाव पुकारलं गेलं. क्लार्कने "मेश्राम"चं "मेशरम" केलं, पण पुकारलं ते मोठ्या, सरळ आवाजात.  सुजाता कोर्टरूममध्ये गेली आणि बारा खुर्च्यांतल्या सातव्या खुर्चीवर बसली. खुर्चीला हात होते, गादी होती. समोर आरोपीच्या जागी पन्नाशीचा एक छताची कामं करणारा माणूस होता. बारमध्ये कुणाला तरी मारहाण केल्याचा आरोप. त्याने टाय नीट बांधलेला नव्हता. तो एकेका ज्युररकडे पाहत होता, आणि त्याची नजर तिच्यावर आली तेव्हा तिने मान खाली घातली नाही.

बचावाचा वकील उठला. "मिसेस मेश्राम, तुम्ही अँब्युलन्सवर काम करता?"

"हो."

"म्हणजे पोलिसांबरोबर रोज काम करता."

"रोज नाही. बरेचदा."

"पोलीस साक्षीदार आणि साधा साक्षीदार वेगवेगळं बोलले, तर तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल?"

"दोघांचं ऐकल्याशिवाय कसं सांगू?" ती म्हणाली. "पोलीसही चुकतात. मी पाहिलंय."

जजने हसू दाबलं. वकिलाने कागदावर काहीतरी लिहिलं, सरकारी वकिलाच्या टेबलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "युअर ऑनर, सात नंबरच्या ज्युररला बचाव पक्ष आभारपूर्वक मोकळं करतो."

काही ज्युरर वकिलांना असे काढता यायचे, कारण सांगायचीही गरज नव्हती. ती सगळी मिळून अकरा मिनिटं त्या खुर्चीवर बसली होती.

हॉलमध्ये क्लार्कने तिच्या कागदावर शिक्का मारला. "झालं तुमचं. आता निदान वर्षभर तरी नाही बोलावणार."

पार्किंगमध्ये येऊन तिने पेजर चालू केला. तो हातातच थरथरला आणि थांबेचना. स्टेशनचा नंबर. पुन्हा स्टेशनचा. मग घरचा. मग पुन्हा स्टेशनचा. ती धावत परत आत गेली, टेलिफोनशी आता कुणीच नव्हतं.

वॉल्टने फोन उचलला. "सू," तो म्हणाला. "तुमच्या ओळखीचे केतकर. तळ्याकाठचे. हार्ट थांबलं. अकरा चाळीसला कॉल आला. मी बाळंतिणीला घेऊन हॉस्पिटलच्या वाटेवर होतो. दुसरी गाडी इथेच उभी होती. शेजारून गाडी आली, एकोणीस मिनिटं लागली त्यांना."

"गेले?"

"नाही. त्यांची बायको छाती दाबत होती. सबंध वेळ. शॉक दिल्यावर हार्ट चालू झालं. पण शुद्ध नाही."

स्टेशनपासून केतकरांचं घर सहा मिनिटांवर होतं. सुजाता तो रस्ता डोळे मिटून सांगू शकली असती. चर्च, डावीकडे वळण, दोन टपालपेट्या, उतार. अकरा चाळीसला ती काय करत होती? शब्दकोड्याचं पान उलटं दिसत होतं, त्यातला एक शब्द ती उगाच जुळवत बसली होती.

हॉस्पिटलमध्ये रेखा काकू आयसीयूच्या बाहेर उभ्या होत्या. अंगावर स्वयंपाकघरातलाच पोशाख, पायात एकच मोजा.  सहासष्ट वर्षांच्या बाईने एकोणीस मिनिटं नवऱ्याची छाती दाबली होती. फोनचा रिसीव्हर जमिनीवर टाकून, मोठ्याने आकडे मोजत.

"काकू," सुजाता म्हणाली.

काकूंनी वळून पाहिलं. "झाली का तुझी केस?"

"नाही. त्यांनी घेतलं नाही मला."

"घेतलंच नाही?" काकू म्हणाल्या. मग दुसऱ्यांदा, अगदी हळू, "घेतलंच नाही." आणि काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सुजाता त्यांच्या मागे वीस मिनिटं उभी होती. त्या पुन्हा वळल्या नाहीत.

राजीव काका पाचव्या दिवशी शुद्धीवर आले. हात-पाय हलत होते, बोलत होते, जेवत होते. पण मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. जुनं सगळं आठवत होतं, पुण्याची शाळा, पहिली मोटार, मुलाचं लग्न. आणि आत्ताचं काही म्हणता काही टिकत नव्हतं. सकाळी कोण आलं ते दुपारी ठाऊक नसायचं.

नोव्हेंबर सगळा सुजाताने ड्यूटीवर काढला. सुट्टी असली तरी स्टेशनात जायची. औषधांचे खण लावायची, लावलेले काढून पुन्हा लावायची. घरी चहा करायला उभी राहायची आणि पाणी आटून भांडं जळायचं.  ईश्वर एकदा म्हणाला, "तू गेली नसतीस तर हे झालंच नसतं असं नाही." ती म्हणाली, "झालं नसतं. सहा मिनिटांचा रस्ता आहे, मी मोजलाय." त्याने जळलेलं भांडं घासायला घेतलं. बाबांचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "गेले होते बाबा. खुर्चीवर बसवलं." पुढचं सांगितलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉनली तिच्याकडे आला. टाउनशिप बोर्डापुढे, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, तो ठराव मांडणार होता: फायर, पोलीस आणि अँब्युलन्सच्या माणसांना ज्युरी ड्यूटीतून कायद्यानेच सूट मिळावी, अशी राज्याकडे शिफारस.

"तू बोल," तो म्हणाला. "तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पाच मिनिटं. काय झालं तेवढंच सांगायचं."

"आणि काकू?"

"मिसेस केतकर येणार आहेत. त्यांनीच मला फोन केला."

बोर्डाची बैठक संध्याकाळी सात वाजता टाउनशिप हॉलमध्ये होती. चाळीसेक माणसं. सात जणांचं बोर्ड लांब टेबलामागे, मध्यभागी अध्यक्षा मिसेस हॉफमन. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, गडद निळ्या कोटात, मांडीवर हात घट्ट धरून. सुजाता मागच्या भिंतीशी उभी राहिली, तिला बसवेना.

डॉनली बोलला. मग तिचं नाव घेतलं गेलं. मायक्रोफोन तिच्या उंचीपेक्षा वर होता, तो तिने खाली ओढला.

"बावीस ऑक्टोबरला मी ड्यूटीवर असते तर सहा मिनिटांत पोचले असते," ती म्हणाली. "एकोणीसच्या जागी सहा. हे खरं आहे, आणि हे मी रोज मोजते."

डॉनलीने मान हलवली. तिने आता थांबावं असं त्याला वाटलं असणार.

"पण मी ती तारीख बावीस दिवस आधी सांगितली होती. कॅलेंडरवर लाल गोल केला होता. बदली मिळाली नाही. त्या दिवशी मी ज्युरीला न जाता तापाने पडले असते, तरी दुसरी गाडी गॅरेजमध्येच राहिली असती. माझ्या मुलीचं ऑपरेशन असतं तरीही. हजारो घरांचं टाउनशिप एका माणसाच्या तब्येतीवर चालत असेल, तर दोष ज्युरीचा कसा?"

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. डॉनलीचे कान लाल झाले.

"मला सूट नको," सुजाता म्हणाली. "तारीख बदलून मिळावी, एवढं चालेल. अडचण असेल त्याने मागावी. पण अँब्युलन्सवर काम करतो म्हणून आम्हाला त्या यादीतूनच काढू नका. माझे वडील एकतीस वर्षं कोर्टाच्या दाराशी उभे होते. मला आत बोलावलं होतं."

एवढं म्हणून ती मागच्या भिंतीशी परत गेली. 

मिसेस हॉफमननी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

रेखा काकू उठल्या. मायक्रोफोनपाशी गेल्या नाहीत, जागेवरूनच बोलल्या. त्यांचं इंग्रजी स्वच्छ, डॉक्टरी होतं.

"मी एकोणीस मिनिटं मोजली," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखाली त्यांच्या दोन फासळ्या मोडल्या. मी चाळीस वर्षं डॉक्टर होते आणि माझ्याकडे शॉक द्यायचं एक साधं यंत्र नव्हतं. या मुलीने जे सांगितलं त्यात चूक काही नसेल. पण मला तत्त्व नको आहे. मला गाडी हवी होती. ठराव मंजूर करा."

त्या बसल्या. सुजाताला हॉलची भिंत पाठीला गार लागत होती.

ठराव चारास तीन मतांनी मंजूर झाला. त्यानंतर विरोधात मत दिलेल्या एका सदस्याने वेगळी सूचना मांडली: दिवसपाळीसाठी बोलावल्यावर येईल असा तिसरा पॅरामेडिक नेमावा. ती सातही मतांनी मंजूर झाली. डॉनली सुजाताकडे न बघता बाहेर पडला.

पार्किंगमध्ये बर्फ भुरभुरत होतं. काकू गाडीच्या काचेवरचं बर्फ हातमोज्यानेच पुसत होत्या. सुजाताने आपल्या गाडीतून खरवडणी आणली आणि न विचारता काच साफ करायला लागली.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

"होतंच आलंय."

सुजाता दुसऱ्या बाजूच्या काचेकडे वळली.

"तू मला तिथे खोटं पाडलंस," काकू म्हणाल्या.

"नाही काकू. तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतंच."

"मग? तुझं खरं आणि माझंही खरं? मला रात्री झोप येत नाही गं. कुणावर तरी रागवायला हवं ना? डॉनलीवर रागवले तर तो सॉरी म्हणतो. तुझ्यावर रागवता येतं, तू ओळखीची आहेस."

"रागवा," सुजाता म्हणाली. "पण मला घरी येऊ द्या. काकांना बघायचंय. दीड महिना झाला."

काकूंनी किल्ली लावली, दार उघडलं, आणि आत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "गुरुवारी मला डेंटिस्टकडे जायचंय. दुपारी दोनला. त्यांना एकटं ठेवता येत नाही."

राज्याकडे गेलेल्या ठरावाचं पुढे काय झालं ते हार्लनमध्ये कुणाला नीट कळलं नाही. तिसरी पॅरामेडिक जानेवारीत रुजू झाली, फ्लिंट शहरातली एक लांब पायांची, भराभर चालणारी मुलगी. डॉनली महिनाभर सुजाताशी कामापुरतं बोलला, मग एक दिवस नवीन ड्यूटीचा तक्ता तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "बघ, काही चुकलं का."

गुरुवार मात्र कायमचे ठरून गेले. डेंटिस्टचं काम संपलं तरी काकू दोन वाजता बाहेर जायच्या, कधी लायब्ररीत, कधी नुसत्याच गाडी घेऊन. त्या सुजाताशी फार बोलायच्या नाहीत. डायनिंग टेबलावर काकांच्या गोळ्या आणि झाकून ठेवलेला चहा असायचा, दोन कप.

फेब्रुवारीत एका गुरुवारी सुजाता काकांना तळ्याकाठी फिरायला घेऊन गेली. तळं गोठलेलं होतं, लांबवर दोन माणसं बर्फाला भोक पाडून मासे धरत बसली होती. काकांनी तिचा दंड धरला होता. ते उत्सुकतेने इकडेतिकडे बघत होते.

"तू कोण गं?" त्यांनी विचारलं. त्या दुपारी चौथ्यांदा.

"सुजाता. नागपूरकडची."

"वा. आणि काय करतेस इथे?"

"अँब्युलन्सवर आहे, काका."

काका थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली, अगदी खरी. "मग इथे काय करतेस? कुणाला काही झालंय का?"

सुजाताने त्यांची टोपी कानांवर नीट ओढली. तेवढ्यात काय बोलायचं ते सुचेल असं तिला वाटलं. तळ्यावरून वारा आला, काकांनी डोळे बारीक केले आणि उत्तराची वाट पाहत राहिले.

"नाही काका," ती म्हणाली. "आज मला सुट्टी आहे."

"मग बरं," काका म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले.